जबड्यातला खुंटा : सरळ की तिरका?

मुलांनो, 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. आपल्या पणजी-पणजोबांच्या वेळी ती अगदी खरी होती. एकदा दात पडले, की कवळी तरी लावायची, नाहीतर भाकरी दुधात कुस्करून खायची! आता मात्र तिसरी सोय आहे. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी 'स्क्रूचा दात' बसवून घेतला असेल, तर विचारून पाहा. दंतवैद्य त्याला 'इम्प्लांट' म्हणतात. जबड्याच्या हाडात टिटॅनियम धातूचा एक छोटासा स्क्रू बसवायचा, त्यावर एक जोड आणि जोडावर दातासारखी दिसणारी टोपी. झाला दात तयार!

दिसायला सोपं वाटतं, नाही का? पण या दाताने रोज चपाती, शेंगदाणे, पेरू चावायचे आहेत, आणि तेही वर्षानुवर्षं. मग तो स्क्रू सैल का होत नाही? कुणाकुणाचा होतो, तो का? हे ठरतं दोन गोष्टींवर : स्क्रूचा आकार कसा आहे आणि तो कोणत्या कोनात बसवला आहे. आज आपण हीच गंमत समजून घेऊ. त्यासाठी आधी दवाखान्यात नाही, गोठ्यात जाऊ या!

खुंट्याचा धडा

बैल बांधायचा खुंटा जमिनीत कसा ठोकतात? वरून, सरळ. जितकं ठोकाल तितका तो घट्ट बसतो. आता तोच खुंटा उपटायचा आहे. शेतकरीदादा काय करतात? तो सरळ वर ओढत बसत नाहीत. आधी डावीकडे-उजवीकडे हलवतात. चार-सहा हिसके दिले, की खड्ड्याचं तोंड रुंद होतं, माती ढिली होते आणि खुंटा अलगद हातात येतो.

बघा, खुंटा तोच, माती तीच. वरून जोर दिला तर घट्ट, बाजूने जोर दिला तर सैल! आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. माती सगळ्यात जास्त कुठे ढिली झाली? खाली टोकाशी नाही, तर वर, तोंडापाशी. या दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पुढचा सगळा लेख त्यांवरच उभा आहे.

सशाच्या पायातला धातू

हाडात धातू बसवायची कल्पना कशी सुचली, ते थोडक्यात सांगते. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे डॉक्टर 1950 च्या दशकात, हाड बरं होताना त्यातला रक्तप्रवाह कसा असतो याचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहता यायचं. प्रयोग संपला. नळी काढायला गेले, तर ती निघेचना! हाड तिला जणू चिकटूनच बसलं होतं.

दुसरा कुणी वैतागला असता. ब्रोनेमार्कांनी मात्र विचार केला, की धातू आणि हाड यांची अशी मैत्री होत असेल तर तिचा उपयोग करता येईल. 1965 मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसवले. ते 2006 मध्ये लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. म्हणजे चाळीस वर्षांहूनही अधिक!

या मैत्रीला एक अट आहे, बरं का. सुरुवातीचे काही आठवडे-महिने स्क्रू हलता कामा नये. तो साधारण एक दशांश मिलिमीटरपेक्षा, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाड त्याला धरत नाही. मध्ये मऊ पेशींचा थर तयार होतो आणि स्क्रू सैलच राहतो.

खऱ्या दाताचा गादीचा थाट

आता तुमच्या स्वतःच्या दाढेकडे वळू. तिचं मूळ हाडात घट्ट रुतलेलं असतं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही! मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. जाडी किती? साधारण 0.2 मिलिमीटर. पण काम मात्र गाडीच्या स्प्रिंगचं. तुम्ही चावलं, की दात 25 ते 100 मायक्रॉन इतका खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. (1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर.) शिवाय हे तंतू मेंदूला खबर देतात. भातात खडा आला, की तुम्ही पटकन थांबता ना? ती यांचीच कामगिरी.

स्क्रूच्या दाताला ही गादी नाही. तो 3 ते 5 मायक्रॉनच हलतो. चावण्याचा सगळा जोर थेट हाडावर!

दुसरा फरक मुळांचा. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात आणि ती फाकलेली असतात, अगदी तिवईच्या पायांसारखी. खालच्या दाढेला बहुधा दोन. त्यांच्या जागी आपण बसवतो एक स्क्रू, साधारण 4-5 मिलिमीटर जाडीचा. तिवईचं काम एका पायावर! म्हणून तो एक पाय नीट आखून बसवावा लागतो.

ताण म्हणजे काय?

मोठ्या माणसाने दाढेने जोर लावून चावलं, तर 50 किलो वजनाइतका किंवा त्याहूनही जास्त जोर पडू शकतो. रोजच्या जेवणात इतका लागत नाही. पण तो रोज, दर घासाला, शेकडो वेळा लागतो.

हा जोर किती जागेवर वाटला गेला, यावर ताण ठरतो. दप्तराचा पट्टा रुंद असेल तर खांद्याला टोचत नाही. तेच दप्तर सुतळीने अडकवलं, तर खांद्यावर वळ उठतो. वजन तेच, जागा कमी, म्हणून ताण जास्त.

जबड्याचं हाड कसं असतं, तेही पाहू. पाव आठवा. बाहेर कडक पापुद्रा, आत जाळीदार भाग. हाडही तसंच : बाहेर टणक कवच, आत जाळी. ही जाळी कवचापेक्षा कितीतरी लवचीक असते. टिटॅनियम तर कवचापेक्षाही पाच ते दहा पट ताठ. म्हणून स्क्रू बाजूला कलायला लागला, की तो जिथे टणक कवचाला टेकतो, तिथेच सगळा भार येतो. ही जागा कुठली? वर, हिरडीच्या लगत, स्क्रूच्या मानेपाशी. खुंट्याच्या खड्ड्याचं तोंड आठवलं ना?

हाडाचा स्वभावही जाणून घ्यायला हवा. ते दाबलं गेलेलं चांगलं सोसतं. ओढलं गेलेलं त्याहून कमी सोसतं. आणि पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखं एक थर दुसऱ्यावरून सरकवला, तर ते सगळ्यात कमी सोसतं. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये सांगितलं होतं, की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. बेताचा भार मिळाला तर ते मजबूत होतं. भारच नसेल तर झिजतं; म्हणून तर दात पडल्यावर जबडा बारीक होत जातो. आणि भार सोसवेल त्याहून जास्त झाला, तरीही त्याची हानी होते.

आकाराची करामत

आता स्क्रू घडवणाऱ्या इंजिनिअरच्या खुर्चीत बसा. तुम्ही काय काय बदलाल?

*जाडी.* स्क्रू जाड केला तर हाडाला टेकणारी जागा वाढते. शिवाय तो स्वतः कमी वाकतो. गोल दांड्याचं एक छान गणित आहे. बाजूने येणारा जोर तोच ठेवला, तर दांड्यातला वाकण्याचा ताण जाडीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो. 3 चा घन 27, आणि 4 चा घन 64. म्हणजे 3 मिलिमीटरचा दांडा 4 मिलिमीटरचा केला, तर हा ताण निम्म्याहूनही कमी होतो! एका मिलिमीटरची ही किमया. मग खूपच जाड का करू नये? कारण दोन्ही बाजूंना निदान एक-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. भिंतच उरली नाही तर खुंटी कशात ठोकणार?

*लांबी.* लांब स्क्रूला सुरुवातीची पकड चांगली मिळते. पण बाजूचा ताण मानेपाशीच जास्त असतो, हे आपण पाहिलं. म्हणून तिथला ताण कमी करायला लांबीपेक्षा जाडीच जास्त उपयोगी पडते.

*आटे.* स्क्रूच्या अंगावरचे आटे नीट पाहा. काहींचे आटे उताराचे, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे असतात. काहींचे चौकोनी. चौकोनी आटा म्हणजे पायरी : तिच्यावर पाय दिला तर जोर सरळ खाली जातो, हाड दाबलं जातं. उताराचा आटा म्हणजे घसरगुंडी : जोराचा काही भाग हाडाला सरकवण्यात जातो. पण उताराचा आटा हाडात सहज शिरतो, हाही फायदाच. म्हणून बनवणारे दोन्हींचा मेळ घालतात.

*कोपरे.* शांपूच्या पुडीच्या कडेला बारीक खाच असते. कशाला? तिथून पुडी पटकन फाटावी म्हणून! टोकदार खाचेपाशी ताण गोळा होतो. पुडीत तो हवा असतो, जबड्यात नको असतो. म्हणून आट्यांची टोकं थोडी गोलसर ठेवतात.

कोनाचं गणित

आता खरी परीक्षा. समजा, दातावर वरून 40 किलो वजनाइतका जोर पडला. स्क्रू अगदी सरळ असेल तर सगळा जोर त्याच्या लांबीच्या दिशेने खाली जाईल. पण स्क्रू कललेला असेल तर? मग जोराचे दोन वाटे होतात. एक स्क्रूच्या लांबीच्या दिशेने जातो, दुसरा त्याला आडवा ढकलतो. हा आडवा वाटा किती, ते पाहा :

स्क्रू सरळ : आडवा जोर शून्य
15 अंश कललेला : सुमारे 10 किलो
30 अंश कललेला : 20 किलो
45 अंश कललेला : सुमारे 28 किलो

पाहिलंत? फक्त 30 अंश कलला आणि निम्म्या जोराइतका धक्का बाजूने बसायला लागला! (नववी-दहावीतल्या ताई-दादांनी साइनचा तक्ता काढून पडताळा घ्यावा. धाकट्यांनी कोनमापक आणि पट्टी घेऊन त्रिकोण काढावा. उत्तर तेच येईल.)

टोपी उंच असेल तर आणखी पंचाईत. कुदळीचा दांडा लांब असला, की थोड्या जोरातही मोठं ढेकूळ उचकटतं. तसंच हाडापासून दाताची उंची दुप्पट झाली, की बाजूच्या त्याच धक्क्याने मानेपाशी दुप्पट उचकटणी होते.

करून पाहा

साहित्य : घट्ट मळलेली शाडूची माती, दोन वाट्या, पाच पेन्सिली, एक जाड मार्कर पेन, पुठ्ठा, चिकटपट्टी.

1. दोन्ही वाट्यांत माती दाबून भरा. एकीत पेन्सिल सरळ रोवा. दुसरीत साधारण 30 अंश कलती रोवा. दोन्ही सारख्याच खोल.

2. दोन्हींवर वरून बोटाने सारखाच, सरळ खाली जोर द्या. सरळ पेन्सिल थोडी रुतेल. कलती आणखी कलेल. मातीच्या तोंडापाशी नीट पाहा : जिकडे पेन्सिल कलली तिकडे माती फुगेल आणि मागच्या बाजूला फट पडेल.

3. पेन्सिलीऐवजी जाड मार्कर तितकाच कलता रोवून पाहा. तो कमी कलतो ना?

4. आता चार पेन्सिली स्टुलाच्या पायांसारख्या बाहेर फाकवून रोवा. त्यांची वरची टोकं पुठ्ठ्याला चिकटपट्टीने घट्ट जोडा. मग वरून जोर द्या. काय दिसलं?

हाच प्रयोग इंजिनिअर संगणकात करतात. जबडा आणि स्क्रू यांचं चित्र काढून त्याचे हजारो-लाखो बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यावर किती ताण आला, हे संगणक मोजतो आणि तुकडे रंगवतो : कमी ताण निळा, जास्त ताण लाल. कलत्या एकट्या स्क्रूच्या चित्रात लाल रंग कुठे येतो, हे तुम्ही आता न पाहताही सांगू शकाल. मानेपाशी!

मग मुद्दाम तिरका का बसवतात?

इथे एखादा हुशार वाचक म्हणेल, "पण माझ्या आजीला डॉक्टरांनी मागचे दोन स्क्रू मुद्दाम तिरके बसवले!" बरोबर आहे. आणि डॉक्टर चुकलेले नाहीत.

झालं असं, की वरच्या जबड्यात मागे दाढांच्या वर हवेची पोकळी असते. खालच्या जबड्यात आतून एक नस जाते. हाड झिजलं असेल तर तिथे सरळ स्क्रूला जागाच उरत नाही. सगळे स्क्रू पुढेच बसवले, तर मागच्या दाढा आधाराशिवाय पुढे आलेल्या गॅलरीसारख्या लोंबकळतात. गॅलरी जितकी लांब, तितका भिंतीवर ताण जास्त.

पोर्तुगालमधल्या लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती वापरली आणि 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. चारच स्क्रू : पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन 45 अंशांपर्यंत तिरके. पोकळी आणि नस टाळून स्क्रूचं डोकं मागे येतं, गॅलरी आखूड होते. आणि मुख्य म्हणजे चारही स्क्रू एकाच मजबूत पट्टीने जोडलेले असतात.

आजीच्या स्वयंपाकघरातली घडवंची आठवा. तिचे पाय तिरकेच असतात. तरी ती पाण्याने भरलेला हंडा पेलते, कारण सगळे पाय वर एकमेकांना बांधलेले असतात. एक पाय कलायला लागला, की बाकीचे त्याला धरतात. असे जोडलेले तिरके स्क्रू अनेक वर्षं तपासले गेले आहेत. त्यांच्याभोवतीचं हाड सरळ स्क्रूंच्या मानाने फारसं जास्त झिजत नाही, असं दिसून आलं आहे.

तेव्हा नियम असा : एकटा असाल तर सरळ उभे राहा, तिरकं उभं राहायचं असेल तर सोबत्यांचा हात घट्ट धरा!

म्हणूनच चांगले दंतवैद्य आधी जबड्याचा सर्व बाजूंनी एक्स-रे काढतात, संगणकावर कोन ठरवतात आणि गरज असेल तिथे साचा वापरून त्याच कोनात भोक पाडतात. पालकांनो, घरात कुणाचा असा दात बसणार असेल, तर 'किती दिवसांत होईल' एवढंच विचारू नका. 'हाड किती आहे, स्क्रू किती जाडीचा आणि कोणत्या कोनात बसेल' हेही विचारा. आणि दात बसल्यावर हिरडी रोज स्वच्छ ठेवायला सांगा, कारण ताण नसला तरी हिरडीतल्या जंतुसंसर्गानेही हाड झिजतं. झोपेत दात खायची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगायला हवी. बाजूचा धक्का तेव्हाच जास्त बसतो.

आणि तुमचं काय?

"माझा दात पडला तर मीही स्क्रू बसवीन," असं कुणी म्हणेल. थांबा! तुमचा जबडा अजून वाढतो आहे. झाडाच्या खोडात ठोकलेला खिळा पाहिलाय? झाड वाढतं, खिळा तिथेच राहतो आणि हळूहळू खोडात बुडतो. स्क्रूचंही तसंच होईल. शेजारचे दात पुढे सरकतील आणि तो मागेच राहील. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय हा दात बसवत नाहीत.

तेव्हा आपली तंतूंची गादी सांभाळा. बाटलीचं बूच दाताने उघडू नका. आणि खेळताना पडून पक्का दात मुळासकट निघालाच, तर तो फेकू नका! टोपीच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने नुसता विसळा. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल दाताखाली धरा. नाही जमलं तर कपभर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे पळा. मुळावरचे ते तंतू जिवंत असतील, तर तुमचा स्वतःचा दात पुन्हा रुजू शकतो. (दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो. तरी दाखवून यायला विसरू नका.)

हा परिच्छेद वर्गशिक्षकांनाही वाचून दाखवा. शाळेच्या मैदानावर कधी, कुणाला उपयोगी पडेल, सांगता येत नाही.